अर्जदार : हाशा पांडू मढवी

ठाण्यात, कलेक्टर कचेरीसमोर, झेरॉक्सवाल्याच्या आडोशाला
माझं टाइपरायटर.
त्याचा 'ळ' गेल्या शिमग्यात तुटला.
मी 'ल' मारतो, मग पेनानं दुरुस्त करतो.

हाशा मढवी, घणसोली गावठाण, वय अठ्ठ्याहत्तर.
त्याच्या तोंडातही 'ळ' नाही.
"कालोख," तो म्हणतो, "कालोख हीच आमची ड्यूटी."
मशीनचं आणि त्याचं लगेच जमलं.

"लिवा. एकाहत्तरची लढाई.
मी लढलो नाय. ता पयला लिवा,
मागून कोनी बोलाया नको.
मी होमगार्ड. बूट सगल्यांना एकाच मापाचं,
माज्या बुटान पुढं कागद कोंबलेला.
हातान काठी, गल्यान शिट्टी.
खाडीचा पूल न चेंदणीचा कोलीवाडा, चौदा राती.
इमान आला क शिट्टी मारायची.
इमान आलाच नाय."

हेही लिहू?

"खरा हाय त लिवा."

रुमालातून बिल्ला काढतो. गंज, आणि गंजाखाली
निष्काम सेवा.
"माना वाटला, निष्काम म्हंजे ज्याला काम नाय तो.
भात कापून झालेला, मिठागर अजून उघडला नव्हता.
म्हटला, बरोबर लिवलाय.
मंग मास्तर बोलला, फलाची आशा करायची नाय.
बिल्ला टाचल्यावर बोलला."

खिडकीतल्या मुलीला कागद हवा.
"जमीन सिडकोनं नेली, कागद वालवीनं."
साहेब कोण होते?
घरत. वारले.
सोबत कोण होतं?
बुधाजी, कळव्याचा. वारला.
आणखी एक होता, रोज विडी उसनी मागायचा,
नाव आठवत नाही, विडीचा वास आठवतो.
मुलगी वाईट नव्हती. म्हणाली,
आजोबा, योजनेत तुम्ही बसता की नाही, ठाऊक नाही,
पण हयात साक्षीदार आणा.

म्हणून तो चेंदणीत दारोदार गेला.
ज्यांना पन्नास वर्षांपूर्वी दटावलं, त्यांना शोधत :
"एकाहत्तरला तुमच्याकडं दिवा पेटवला व्हता कोनी?"
पोरं हसली. एका घरी कुत्रं सोडलं.
सातव्या की आठव्या दाराआडून म्हातारा आवाज आला,
"तो मेला तूच काय रं?"

आज ती आलीय. चांगुणाबाई नाखवा.
माझ्या स्टुलावर बसली, हाशा उभा.
तोंडानं ओळखता?
"तोंड कुठं दिसलेला? सगला कालोख.
माजा पोरगा व्हत व्हता. सुईनीनं चिमनी लावली,
तं भाईर हा वराडला, दिवा मालवा, बाय.
मी भिंतीआडून त्याच्या सात पिढ्या काढल्या.
नाल कापली ती चाचपून.
हा गेला नाय पन. दाराकडं पाठ करून ऱ्हायला.
पोर रडला, न ह्यानं शिट्टी मारली. एकदाच. हलूच."

मी टाइप केलं : आवाजावरून ओळखले.
ओळखीच्या रकान्यात जागा नव्हती,
समासात गेलो.

हाशानं चष्मा चढवला, कागद नाकाला लावला.
बोट एका ओळीवर थांबलं.
"ती शिट्टी काढा."
का?
"इमान नव्हता. इमान नसताना मारायची नाय, आर्डर व्हती.
साह्याबाला कलला त?"

साहेब वारले, हे त्यानंच मघाशी सांगितलं होतं.
चांगुणाबाई पदरात तोंड घालून हसत होती, किंवा नव्हती.
तिचा तो पोरगा कुठंय, मी विचारलं नाही.

दर पानाला चाळीस. तिनं त्याच्याआधी दिले,
नाणी मोजून, मासळी तोलल्यासारखी.

मग मी सगळे 'ल' पेनानं 'ळ' केले :
काळोख, नाळ, कोळीवाडा.
आणि त्या ओळीवर तिरप्या रेघा मारल्या,
खालचं वाचता येईल
इतक्याच हलक्या.